काळ्या सदऱ्यांची हाळी

तेमजेन,

नाव नीट लिहिलंय का बघ. तुझ्या दोस्ताकडून, हरप्रीतकडून लिहून घेतलं आन् त्याच्यावरून गिरवलं. क्लासातली पोरं तुला टेन्शन सर म्हणायची, कोपऱ्यावरची भाजीवाली नेपाळी सर म्हणायची, आन् मी तोंडावर नुसतं सर, माघारी 'वरचा'. दवाखान्यात तू म्हणलास, "आप्पा, एकदा तरी पूर्ण नाव घ्या माझं." मी म्हणलं, "बरा होऊन घरी ये, मंग घेतो." तू आलाच न्हाईस. म्हणून आधी नाव लिहिलं.

मला लिहायची सवय न्हाई. तिसरीतून शाळा सुटली, त्याच्यानंतर सही सोडून हातानं काही लिहिलं न्हाई. पण तुझं-माझं एक भांडण अर्धं राहिलंय. आन् भांडण अर्धं टाकून कोणी निघून गेलेलं मला चालत न्हाई.

लोकांना वाटतं, आप्पानं मोठ्या मनानं परमुलखातल्या माणसाला खोली दिली. बिलकूल खोटं. तू बॅग घेऊन फाटकात उभा होतास. क्लासचा माणूस सोबत होता, "फिजिक्सचे सर हायत, नागालँडहून आलेत" म्हणून सांगून राहिला होता. तेवढ्यात शेजारचा माणिकराव भिंतीवरून बोलला, "आप्पा, इचार करून द्या बरं का. हे लोक काय बी खातात म्हणे." झालं. माणिकराव नको म्हणला की मी हो म्हणतो, ही आमची जुनी रीत हाय. चावी तिथंच तुझ्या हातात दिली. माणिकरावाचे उपकार मान.

अट एकच घातली होती. खोलीत आवाज नको. तू इचारलंस, "कसला आवाज?" मी म्हणलं, "जमिनीतून येतो तसला." हे ऐकून बाकीचे भाडेकरू हसतात. तू हसला न्हाईस. मान हलवलीस आन् गिटारची पेटी उचलून जिना चढलास. माणूस बरा दिसतो, असं मी त्या वक्ताला माझ्या बायकोला, अनसाला म्हणलो होतो. तुला सांगितलं न्हाई. लगेच कशाला सांगायचं?

अनसानं तुला पुढं सगळं सांगितलं, मी कधी बोललो न्हाई. आमचं गाव किल्लारीच्या अंगाला. दगडामातीचं घर, वर मातीचं जड छत, माळवद. मंगल आमची एकुलती पोरगी, महालक्ष्म्यांना सासरहून आली होती, आन् गणपती बुडवून जाते म्हणून राहिली होती. गणपती बुडवून लोक झोपले. मी बाहेर बैलांपाशी होतो. आधी जमिनीतून घरघर आली, मंग माळवद खाली आलं. अनसाला ओढून काढलं. मंगल सापडेपर्यंत मी त्या ढिगावर उभा राहून हाका मारल्या. घसा बसला. खालून उत्तर आलं न्हाई. त्या दिवसापासून ते नाव मी तोंडातून काढलं न्हाई. अनसा घ्यायची, मी उठून जायचो.

पुढं लातूर पोरांनी भरून गेलं. हदगाव, किनवट, शिरूर अनंतपाळ, कुठून कुठून बाप लोक पोरांना डॉक्टर करायला आणून सोडायले. मी बी रान इकलं आन् ही दोन मजली इमारत बांधली. वर खोल्या, खाली अनसाची मेस. पण मी झोपतो अंगणातल्या पत्र्याच्या खोलीत. जेवण बी तिथंच. स्लॅबखाली मी बसत न्हाई. भीतो म्हणून न्हाई. पत्र्याखाली वारं चांगलं लागतं. हे मी सगळ्यांना सांगतो आन् सगळे गालात हसतात. तू मात्र "हाव आप्पा, वारं" म्हणायचास आन् तुझं ताट घेऊन माझ्याजवळ पत्र्याखाली बसायचास. उन्हाळ्यात तिथं भट्टी असते. घामानं निथळायचास, पण एकदा बी म्हणला न्हाईस की कुठंय वारं.

तिथंच तुझा लॅपटॉप पहिल्यांदा उघडला. मी म्हणलं, "दाखव तरी काय असतं तुझं ते मेटल गाणं. पण आवाज बंद कर." तू डोक्याला हात लावलास. पण केलास बंद. असं मेटल जगात कोणी बघितलं नसंल. आवाज न्हाई म्हणून मला नुसती तोंडं दिसली. आन् तेमजेन, काय तोंडं होती रे!

एका वाळवंटातले आफ्रिकेचे गडी, काळे कुळकुळीत, अंगात कातडी जाकिटं, डोक्यावर मोठ्या टोप्या, गुरं राखून आत्ताच आल्यासारखे. मंगोलियाचे बुवा, वेण्या घातलेले. डोक्याला रुमाल गुंडाळलेल्या मुसलमानाच्या पोरी, हातात तुझ्यासारखीच गिटार. जपानच्या बाया. दक्षिण अमेरिकेचे, आपल्या इकडच्यासारखेच सावळे. मधी मधी गोरे. आन् सगळ्यांची मान एकदम खाली, एकदम वर. मी निजामाचा काळ बघितला न्हाई, पण बापाकडून ऐकलंय की त्याच्या फौजेत हबशी, अरब, रोहिले सगळे होते. ती फौज तरी पगारावर होती. हे लोक कशानं एका जागी आले, मला उमजंना.

"ह्यांची जात कोणती म्हणायची?" मी इचारलं.

"काळा शर्ट, आप्पा."

"तसं न्हाई. सोयरीक होती का एकमेकांत?"

"कधी कधी."

"मंग भांडणं बी होत असतील."

"हाव. लई."

तू खोटं सांगितलं न्हाईस हे बरं केलंस. गोऱ्यातले काही म्हणतात, हे आमचं हाय, तुम्ही कुठून आले. आन् आपल्याच देशातल्या एका मोठ्या शहरात तू गिटार घेऊन गेलास तर दारावरच्या माणसानं इचारलं, मोमोचा स्टॉल लावायला आला का? मला राग आला. मी म्हणलं, "तरी बी जातोस?" तू भाकरीचा तुकडा मोडत म्हणलास, "आत गेल्यावर अंधार असतो, आप्पा. कोणी तोंड बघत न्हाई. शेजारचा पडला तर चार जण उचलतात. तेवढ्यासाठी जातो."

पण हरणं माझ्या रक्तात न्हाई. म्हणलं, "काय बी असो, हे गाणं न्हाई."

"आवाज न ऐकता कसं ठरवलं?"

"तोंडावरून कळायलंय. गाणारा असं तोंड करत न्हाई. हा मार खायलाय."

तू खाटेवर आडवा होऊन हसलास. भांडण सुरू झालं ते असं.

मंग तुझे गडी यायला लागले. डाळमिलच्या एका बंद गोडाऊनात तुमचा सराव, आन् जेवायला आमची मेस. सलीम, ज्याच्या बापाचा लग्नाचा बँड, तो तुझा ड्रमवाला. हरप्रीत नांदेडचा सरदार, दुसरी गिटार त्याची, त्याचे पणजोबा बी नांदेडचेच, माझ्यापेक्षा शुद्ध मराठी बोलतो. आन् राठोड किनवटकडच्या तांड्यावरचा, आश्रमशाळेत शिकलेला, बोलणं कमी, हातात जाड तारांची गिटार. त्या जाड तारेला मी लांबूनच वळखून होतो. घरघर तिचीच.

तुम्ही चौघं एका रांगेत जेवायला बसले की अनसाला लई मौज वाटायची. सलीम म्हणायचा, "माय, मिरची ज्यादा हो गई आज." अनसा म्हणायची, "तुमच्या गोंगाटापेक्षा कमीच हाय, खा गप." एकदा तू तुझ्या गावाकडच्या मिरचीची चटणी आणलीस. हरप्रीत जिभेवर ठेवून नळाकडं पळाला. लातूरच्या माणसानं मिरचीला भ्यायचं म्हणजे काय! मी बोटभर खाल्ली. डोळ्यांतून धारा, कानातून वाफ. तू इचारलंस, "कशीय, आप्पा?" मी म्हणलं, "गोडसर हाय जराशी." ते डोळ्यांतलं पाणी तुझ्यासाठी मी काढलेलं पहिलं पाणी. आता मोजत न्हाई.

आता मंगल कार्यालयातलं सांगतो. तिथं भांडण खरं पेटलं.

लग्नाची तीथ नव्हती म्हणून कार्यालय तुम्हाला मिळालं होतं. दुपारची वेळ. स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल खुर्च्या तशाच एका बाजूला सारलेल्या. क्लासची पोरं-पोरी काळे सदरे घालून आली होती, कोणी कोणी तर बापाचा जुना शर्ट काळा रंगवून. मी दाराजवळची खुर्ची धरली. अनसा पुढं जाऊन बसली, तिला काही सांगून उपयोग नसतो.

तू केस मोकळे सोडलेस. क्लासात आंबाडा बांधणारा माणूस. सलीमनं घाव घातला, राठोडची तार वाजली, आन् तू मान फिरवायला लागलास. केस हवेत, डोळे मिटलेले, तोंडातून तो आवाज. खाली पोरं बी घुमायला लागली. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. बघतो तर अनसा स्टेजच्या पायऱ्या चढायली.

तिच्या जागी आमच्या इकडची कुठली बी बाई असती तरी हेच करती. मोकळे केस, घुमणारी मान, दुसराच आवाज. म्हणजे अंगात आलं. तिनं कमरेची चंची सोडली, कुंकवाची डबी काढली, तुझ्यासमोर उभी राहून तुझ्या कपाळाला मळवट भरला. पायाला हात लावला. सलीमच्या काठ्या हवेतच थांबल्या. तुझ्या हातातला माइक चालूच होता, म्हणून सगळ्या कार्यालयानं ऐकलं.

"कोण आलंय, बाबा? कुठल्या देवाचं ठाणं?" अनसानं इचारलं. आन् तू काही बोलायच्या आतच, "माझी मंगल कुठंय? तिला लई लागलं का?"

पोरं हसतील असं मला वाटलं. एक हसलं न्हाई. तू गुडघ्यावर बसलास. कपाळावरचं कुंकू घामानं नाकावर उतरलेलं. तुझं ते मोडकं मराठी सगळ्यांना ऐकू आलं.

"माय, मी देव न्हाई. मी वरच्या खोलीतला."

अनसा म्हणली, "व्हय का." तेवढंच. आन् ती लहान पोरासारखी उभी राहिली. मंग म्हणलास, "मला उत्तर माहीत न्हाई, माय. पण हाक मारता येते. मारू?"

तिनं मान हलवली.

तू उठलास, छाती भरून घेतलीस आन् माइकमध्ये ओरडलास, "मंगल!" सलीमनं ड्रम हाणला. परत, "मंगल!" आता खालची पोरं बी ओरडली. ज्यांनी तिला बघितलं न्हाई, जी जन्मली बी नव्हती, ती पोरं माझ्या लेकीला हाका मारायली. मंग एकेक जण आपापलं माणूस आठवून ओरडायला लागलं. कोणी बापाचं नाव, कोणी भावाचं. निलंग्याकडचं एक कानडी पोरगं आईला "अव्वा, अव्वा" करून. हरप्रीतनं आजोबाचं घेतलं. राठोडनं कोणाचं घेतलं कळलं न्हाई, नुसते ओठ हलले. सगळे धर्म, सगळ्या भाषा, आन् ती जमिनीची घरघर. फरक इतकाच की ह्या घरघरीत कोणी दबत नव्हतं. सगळे वर येत होते.

त्या ढिगावर मी एकटा ओरडलो होतो रे. इतकी माणसं तवा पाहिजे होती.

मला बसवलं न्हाई. मी बाहेर आलो, फाटकापाशी रसवंतीवर जाऊन उभा राहिलो. वारं खायला. गाणं मागं चालूच होतं.

घरी आल्यावर तू पत्र्याखाली आलास. मला वाटलं माफी मागशील. तू उलट भांडायलाच आलास.

"तुम्ही मधीच उठले, आप्पा."

"ते गाणं न्हाई, मी आधीच सांगितलं होतं."

"शेवट ऐकला न्हाई तुम्ही. शेवटी वेगळंच हाय. एकदा शेवटपर्यंत बसा, मंग म्हणा गाणं न्हाई."

"बसंन. मेल्यावर."

त्याच्यानंतर तुमच्या प्रत्येक कार्यक्रमात त्या गाण्याच्या मधी लोक आपल्या गेलेल्यांची नावं घ्यायला लागले. लातूरला, नांदेडला, हैदराबादला बी. अनसा जमेल तिथं जायची, पुढच्या रांगेत, मांडीवर कुंकवाची डबी. तू दर वेळी मला इचारायचास, "येता का?" मी दर वेळी तेच म्हणायचो, मेल्यावर. कोणाच्या मेल्यावर ते तेवढं ठरवायचं राहिलं.

ताप आला आन् तुला घेऊन गेला. त्याच्याबद्दल लिहीत न्हाई. तुझं शरीर हैदराबादहून विमानानं तुझ्या डोंगराकडं गेलं, आम्ही मागं राहिलो.

मंग परवा, भर उन्हात, तुझी आई आली. तुझं सामान न्यायला. सोबत तुझी बहीण, हिंदी बोलणारी. आई एवढीशी, लाल-काळी शाल खांद्यावर, डोळे हुबेहूब तुझे. अनसानं तिला मिठी मारली तर दोघी बराच वेळ सुटल्याच न्हाईत. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता.

तुझी आई पाणी प्याली आन् तिनं एकच गोष्ट इचारली. बहिणीनं हिंदीत सांगितली. "माँ पूछ रही है, यहाँ उसका कौन था?"

इतक्या लांब, आपल्या तोंडवळ्याचं एक माणूस न्हाई अशा गावात, पोरगं एकटंच होतं का, हे त्या बाईला पाहिजे होतं. सगळ्या वाटेनं तेच काळजात धरून आली असंल. मी तोंड उघडलं. पण काय सांगू? घरमालक होता म्हणू? मी म्हणलं, "ठैरो." आन् हरप्रीतला फोन लावायला लावला.

तिघं सामान घेऊन आले. हरप्रीत म्हणला, "आप्पा, अंगणात लावतो."

"ऊन बघ. बाईला भोवळ येईल. आत मेसमध्ये लाव."

तिघं एकमेकांकडं बघायले. "मंग तुम्ही?"

"मी बी आत."

सलीमनं खुर्ची उचलली. "आप्पा, दरवाजे के पास डालूं?"

"नक्को. मधी टाक."

तुझ्या आईला कळलं काय वाजणार ते, आन् तिचं तोंड बारीक झालं. बहीण हळूच म्हणली, आईला हे कधी आवडलं न्हाई, चर्चमधले लोक नावं ठेवायचे, घरी त्यानं लावलं की ती मधीच उठून जायची. मी म्हणलं, "उनकू बोलो, मैं भी." बहिणीनं सांगितलं. तुझी आई माझ्याकडं बघून हसली. आल्यापासून पहिल्यांदा. मंग आम्ही दोघं हट्टी शेजारी शेजारी बसलो.

सलीमनं घाव घातला. राठोडनं ती तार छेडली. मेसच्या मांडणीवरची स्टीलची ताटं थरथर वाजायला लागली. तेमजेन, त्या राती अशीच भांडी वाजली होती. डोक्यावर स्लॅब. माझे पाय आपोआप उठायले, मी त्यांना दाबून धरलं. तेवढ्यात माणिकराव दारात. "आप्पा, अवो काय चाललंय! भूकंप झाल्यासारखं व्हायलंय."

मी बसल्या जागेवरून ओरडलो, "भूकंप असा नसतो. मला इचार! आत ये, न्हाईतर जा." माणिकराव आत आला. अनसानं त्याला पाट दिला.

मंग ती जागा आली. सगळं थांबलं. हरप्रीत तुझ्यासारखा ओरडत न्हाई, तो नुसता आमच्याकडं बघत उभा राहिला. अनसा म्हणली, "मंगल." सलीमनं हाणला. आन् माझ्या छातीतून आवाज निघाला, त्या ढिगावर निघाला होता तेवढा. "तेमजेन!" पूर्ण. नीट. तुझी आई दचकून वर बघायली. सलीम ओरडला, हरप्रीत ओरडला, राठोडचा आवाज मी पहिल्यांदा इतका मोठा ऐकला. जिन्यावर मेसची पोरं गोळा झाली होती, ती ओरडली, "टेन्शन सर!" माणिकराव बी ओरडला, चुकीचं, पण ओरडला. तुझ्या आईला आता दुसरं काही सांगायची गरज उरली न्हाई. आन् तोंड उघडलंच होतं म्हणून मी दुसरं नाव बी घेतलं. "मंगल!" अनसानं माझ्याकडं वळून बघितलं. इतक्या वर्षांनी तिला ते माझ्या तोंडून ऐकू आलं.

आन् मंग शेवट. राठोडनं तारेवर तळहात ठेवला. सलीम गप. हरप्रीतची एकटी गिटार, एकदम बारीक, लांबून कोणी यायलंय अशी. हे काय, असं मी म्हणणार तर माझ्या शेजारी तुझ्या आईनं तोंडावर हात धरलेला. मंग हात काढला आन् ती त्या गिटारीबरोबर गायला लागली. आवाज पातळ, पण सरळ. हरप्रीतची बोटं चुकली, मंग त्यानं तिचा सूर धरला.

बहिणीनं मागून सांगितलं. तुमच्याकडं संध्याकाळी शेतातून परतताना एका डोंगरावरची बाई दुसऱ्या डोंगरावरच्यांना हाळी देते. मी घरी पोचले, तुम्ही पोचले का? आजीची हाळी ती. तू शेवटी ठेवलीस, आन् तुझ्या आईला माहीतच नव्हतं, कारण ती कधी शेवटपर्यंत बसलीच न्हाई.

मी बी न्हाई. आता बसलो. आन् अजून सांगतो, ते गाणं न्हाई. पण काय हाय, हे बी मला सांगता येत न्हाई. एवढं मोठं काही मी माझ्या जन्मात ऐकलं न्हाई, आन् ते माझ्याच मेसमध्ये, ताटांच्या मांडणीपाशी झालं. तवा भांडण तसंच ठेवू. मिटवून टाकलं तर तुझ्याशी बोलायला निमित्त काय?

आई तुझे काळे सदरे घेऊन गेली. एक अनसानं मागून घेतला.

नवी पोरं खोली बघायला येऊन राहिलीत. मी वरून, जिन्याच्या कठड्यावरूनच सांगतो, खोली भरलीय. माझी खाट आता तिथं हाय, तुझ्या खिडकीखाली. अनसा इचारती, स्लॅबखाली कसं काय?

मी म्हणलं, वारं चांगलं लागतं.